एका सतरा अंकी संख्येची कुळकथा

पाटीवर एकाचा आंकडा ओळीनें नऊ वेळां मांडावा आणि त्या संख्येला तिनेंच गुणावें. हा गुणाकार करण्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. बीड जिल्ह्यांत, आष्टी तालुक्यांत, कडा म्हणून गांव आहे. तेथील शाळेंतला चौथीचा मुलगाहि तो चुटकीसरसा करील, कारण एकानें गुणणें म्हणजे न गुणणेंच होय. १११११११११ ही ओळ नऊ वेळां, दर खेपेस एक घर डावीकडे सरकवून, एकाखालीं एक लिहावयाची आणि उभी बेरीज घ्यावयाची. उजवीकडच्या पहिल्या घरांत एकच एक असतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन; असे चढत चढत मधल्या घरांत नऊ एक जमतात आणि तेथून पुढें पुन्हां एकेक कमी होत जातो. कोठेंहि बेरीज नवाच्या वर जात नाहीं, म्हणून हातचा असा कोठें येतच नाहीं. उत्तर येतें तें असें: १२३४५६७८९८७६५४३२१.

हीच युक्ति दहा एकांवर केली तर मधल्या घरांत दहा जमतात, हातचा येतो, आणि सारा डौल बिघडतो. तेथें उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असें येतें. चढणीवरचा आठ नाहींसा होतो आणि माथ्यावर दोन शून्यें येऊन बसतात. तेव्हां नऊ एकांचा वर्ग ही ह्या जिन्याची शेवटची पायरी होय. ह्या सतरा अंकी संख्येला इतिहास आहे. तो मान्यखेटच्या राजसभेपासून नाशिकजवळच्या देवळालीपर्यंत येतो, आणि त्यांत एक जुना वादहि गुंतलेला आहे. आंकड्यांचे असले खेळ हें गणित म्हणावयाचें कीं नुसती करमणूक, हा तो वाद.

प्रथम ही संख्या वाचावी कशी तें पाहूं. आज अब्जाच्या पलीकडे आपली जीभ अडखळते; खर्व-निखर्व हे शब्द तर आतां म्हणी-वाक्प्रचारांपुरतेच उरले आहेत. भास्कराचार्यांच्या ‘लीलावतीं’त मात्र एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें दिलेलीं आहेत. त्यांच्या आधारें आपली संख्या अशी वाचतां येते: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधि, चार शंकु, पांच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटि, सात प्रयुत, सहा लक्ष, पांच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश आणि एक. परार्धाच्या अलीकडे एकच स्थान ती थांबते. इतक्या मोठ्या संख्येला नांवानिशीं हांक मारण्याची सोय आठशें वर्षांपूर्वीं आपल्या पाठ्यपुस्तकांत होती, ही गोष्ट लहान नव्हे.

ह्याच ठिकाणीं बीडचा संबंध येतो. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड हें आपलें गांव, असें त्यांनीं स्वतः सांगून ठेविलें आहे. हें विज्जडविड कोणतें ह्याविषयीं पंडितांत एकमत नाहीं. कोणी तें बीडच होय असें म्हणतात. नांवाचें शेपूट त्यांस साक्षीला सांपडतें, आणि बीडजवळची बालाघाटाची रांग ही सह्याद्रीचाच फांटा असल्यामुळें डोंगराचीहि तोंडमिळवणी होते. उलट चाळीसगांवनजीकच्या पाटण गांवीं शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं तेथें मठ स्थापिला होता. त्या मठाला मिळालेल्या देणगीचा तो लेख. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांनीं तो एकोणिसाव्या शतकांत उजेडांत आणला. दगडावरची ही साक्ष नांवाच्या शेपटापेक्षां वजनदार आहे. कड्याच्या माणसाला बीडचा पक्ष गोड वाटावा हें स्वाभाविक. परंतु गोडी हा पुरावा नव्हे.

मात्र भास्कराचार्यांना ह्या कुळाचे मूळ पुरुष म्हणतां येणार नाहीं. आपल्या संख्येचें एक धाकटें भावंड त्यांच्या तीनशें वर्षें आधीं एका ग्रंथांत येऊन गेलें आहे. कडा, आष्टी, बीड हा सारा मुलूख तेव्हां राष्ट्रकूटांच्या अंमलाखालीं होता. वेरूळचें कैलास लेणें ज्यांच्या कुळानें खोदविलें तेच हे राष्ट्रकूट. त्यांची राजधानी मान्यखेट, म्हणजे हल्लीं कर्नाटकांतील कलबुर्गी जिल्ह्यांत असलेलें मालखेड. तेथें नवव्या शतकांत अमोघवर्ष राज्य करीत होता. त्याच्या आश्रयास महावीराचार्य नांवाचे जैन गणिती होते, आणि इ. स. ८५० च्या सुमारास त्यांनीं ‘गणितसारसंग्रह’ हा ग्रंथ रचिला. ज्योतिषाचा आधार न घेतां केवळ गणितासाठींच लिहिलेल्या आपल्याकडील जुन्या ग्रंथांत त्याचें स्थान मोठें आहे.

त्या ग्रंथांत गुणाकाराचीं उदाहरणें आहेत, आणि त्यांतच महावीराचार्यांचा खरा स्वभाव दिसतो. विद्यार्थ्यापुढें ते दोन ओबडधोबड संख्या टाकतात: २७९९४६८१ आणि ४४१. गुणून पाहावें तों उत्तर १२३४५६५४३२१ असें सुरेख निघतें. एकापासून सहापर्यंत चढलेलें आणि पुन्हां एकापर्यंत उतरलेलें. दुसरीकडे १५२२०७ ला ७३ नें गुणावयास सांगितलें आहे, आणि तेथें ओळीनें आठ एक उभे राहतात. उलटसुलट कसेंहि वाचलें तरी सारखेंच येणारें असें उत्तर म्हणजे गळ्यांतला हार, अशी उपमा त्यांनीं योजिली आहे. हारांतले मणी दोन्ही बाजूंनीं सारखे असतात, आणि मधें मोठा मणी असतो. उपमा अगदीं नेमकी आहे.

ही युक्ति उकलून पाहिली म्हणजे मास्तराची लबाडी कळते. ४४१ हा २१ चा वर्ग. २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग. आणि २१ ला ५२९१ नें गुणलें कीं १११११११ नव्हे, तर बरोबर सहा एक, म्हणजे ११११११ येतात. म्हणजे महावीराचार्यांनीं आधीं सहा एकांचा वर्ग घेतला, मग त्याचे दोन तुकडे पाडून ते विद्यार्थ्यापुढें असे ठेविले कीं त्यांच्या तोंडावरून कांहींहि ओळखूं येऊं नये. उत्तर सुंदर आलें तर गुणाकार बिनचूक, नाहीं तर पाटी पुसून पुन्हां करावयाचा! उत्तराच्या चेहऱ्यावरूनच चूक कळावी असें उदाहरण रचणें हें शिकविण्याचें मोठें कौशल्य होय, आणि तें अकराशें वर्षांपूर्वींचें आहे.

भास्कराचार्यांनीं ह्याच्या पुढचें पाऊल टाकलें. ‘लीलावती’च्या अखेरीस ‘अंकपाश’ नांवाचें प्रकरण आहे. दिलेल्या अंकांची जागा बदलून किती निरनिराळ्या संख्या होतील, आणि त्या सर्वांची बेरीज किती, असा तेथें प्रश्न आहे. दोन व आठ ह्या अंकांच्या २८ आणि ८२ अशा दोनच संख्या होतात; बेरीज ११०. तीन, नऊ व आठ ह्यांच्या सहा होतात, बेरीज ४४४०. दोनापासून नवापर्यंतचे आठ अंक घेतले कीं संख्या ४०३२० होतात, आणि त्यांची बेरीज २४६३९९९९७५३६० भरते. ही बेरीज भास्कराचार्य एकेक संख्या मांडून करीत नाहींत. प्रत्येक अंक प्रत्येक घरांत सारख्याच वेळां येणार, हें ध्यानीं घेऊन ते एका घराची बेरीज काढतात आणि तीच सर्व घरांत एकेक स्थान सरकवून मांडतात. म्हणजे हिशेबाच्या शेवटीं गुणक म्हणून पुन्हां ११११११११ हीच ओळ उभी राहते. महावीराचार्यांनीं जिचा हार केला तिला भास्कराचार्यांनीं कामाला जुंपलें.

ह्यानंतरची पिढी एकदम विसाव्या शतकांत भेटते. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर ह्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजीं डहाणू येथें झाला. आठ वर्षांचे असतां आई वारली. वडील कारकून, त्यांना फलज्योतिषाचा नाद होता, आणि त्या आंकडेमोडींतून मुलाला हिशेबाची गोडी लागली. ठाण्यास शालेय शिक्षण झालें, पुढें पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालय. तेथें १९२७ मध्यें स्वतंत्र गणिती लेखनाबद्दलचें रँग्लर परांजपे ह्यांच्या नांवाचें पारितोषिक त्यांना मिळालें. १९२९ मध्यें मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पदवी घेतली आणि १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळाली येथें शाळामास्तर होते. गणितांत त्यांचें पदव्युत्तर शिक्षण झालेलें नव्हतें. वर्ग, तपासावयाच्या वह्या, परीक्षा, आणि उरलेल्या वेळांत संख्या, असें त्यांचें आयुष्य गेलें.

मुंबईपासून सुमारें तीस मैलांवर, त्या काळच्या जी. आय. पी. रेल्वेवर, डेमलो नांवाचें स्थानक होतें. हल्लींची डोंबिवली ती हीच, असें सांगतात. तेथें त्यांना एका जातीच्या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून त्यांनीं त्या संख्यांना ‘डेमलो संख्या’ असें नांव दिलें. संशोधक आपल्या शोधाला गुरूचें, राजाचें अगर स्वतःचें नांव देतात. रेल्वेस्थानकाचें नांव देणारा हा पहिलाच असावा. डेमलो संख्येची ओळख सोपी आहे. तिचे तीन भाग पडतात. मधल्या भागांत एकच अंक एकदां किंवा अनेकदां असतो, आणि डाव्या व उजव्या भागांची बेरीज केली कीं पुन्हां तोच अंक मिळतो. १६५ मध्यें डावीकडे एक, उजवीकडे पांच, मधें त्यांची बेरीज सहा. २५५३ मध्यें दोन आणि तीन मिळून पांच. ४७७७३ मध्यें चार आणि तीन मिळून सात.

आतां आपली सतरा अंकी संख्या ह्या कसोटीवर लावावी. मधें नऊ ठेवला, तर डावीकडे १२३४५६७८ उरतात व उजवीकडे ८७६५४३२१. दोहोंची बेरीज ९९९९९९९९, म्हणजे नऊच नऊ. ती डेमलो संख्या तर खरीच. पण १, १२१, १२३२१ ह्या तिच्या सख्ख्या भावंडांसह कापरेकरांनीं तिला ‘अद्भुत’ डेमलो संख्यांत बसविलें. हा लेख १९३८ मध्यें ‘मॅथेमॅटिक्स स्टुडंट’ ह्या नियतकालिकांत आला, आणि पुढच्या वर्षीं प्रा. गुंजीकर ह्यांच्यासमवेत लिहिलेला ह्या संख्यांचा उपपत्तिविचार मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला.

संख्यांच्या जाति पाडणें ही कांहीं कापरेकरांची नवी चाल नव्हे. ग्रीकांनींहि तें केलें होतें. त्यांच्या रीतीनें पाहिल्यास आपली संख्या विषम आहे, वर्ग आहे, आणि ‘न्यून’ आहे. तिचे मूळ अवयव तीनच: ३ हा चार वेळां, ३७ दोन वेळां आणि ३३३६६७ दोन वेळां. त्यांवरून तिचे एकंदर भाजक ४५ होतात. स्वतःस सोडून बाकीच्या भाजकांची बेरीज संख्येइतकी भरली तर ती ‘पूर्ण’, जशी सहा किंवा अठ्ठावीस. कमी भरली तर न्यून. आपल्या संख्येच्या बाबतींत ही बेरीज तिच्या निम्म्याहून थोडीशीच अधिक भरते. वास्तविक वर्गसंख्या असल्यामुळें ती पूर्ण असणें मुळांतच अशक्य होतें, कारण वर्गाच्या सर्व भाजकांची बेरीज नेहमीं विषम येते, आणि पूर्ण संख्येंत ती संख्येच्या दुप्पट, म्हणजे सम असावी लागते.

कापरेकरांच्या जाति निराळ्या. त्यांची नजर भाजकांपेक्षां अंकांवर अधिक. संख्येच्या अंकांची बेरीज घ्यावी, आणि त्या बेरजेनें संख्येस निःशेष भाग गेला तर ती ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी. १८ मध्यें एक आणि आठ मिळून नऊ. नवानें अठरांस भाग जातो. म्हणून १८ हर्षद. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. भाग घालून पाहावा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. इतकेंच नव्हे, तर हा भागाकारहि १२३४५६७९ चा वर्ग आहे. ज्यांत आठ नाहीं अशी ही ओळ, जिला नवानें गुणलें कीं नऊ एक येतात. नऊ अद्भुत डेमलो संख्यांपैकीं हा हर्षाचा मान पहिली, तिसरी आणि नववी अशा तिघींनाच मिळतो. बाकीच्या सहा दिसावयास तशाच सुंदर, पण हर्षद नव्हेत.

दुसरी जाति ‘स्वयंभू’ संख्यांची. कोणतीहि संख्या घेऊन तींत तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. ४७ मध्यें चार आणि सात मिळून अकरा घातले कीं ५८ होतात. ५८ मध्यें तेरा घातले कीं ७१. तेव्हां ४७ हा ५८ चा जनक, आणि ५८ हा ७१ चा. १०१ ला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण कांहीं संख्यांना जनकच नसतो. २० कोणापासून झाली म्हणून शोधीत बसलें तर कोणीहि सांपडत नाहीं; तशीच ३१, तशीच ४२, ५३, ६४. ह्या आपोआप प्रकटलेल्या, म्हणून स्वयंभू. देवांच्या मूर्तींना लावावयाचें विशेषण संख्येला लावण्यांत ह्या माणसाची रसिकता दिसते. आपली सतरा अंकी संख्या मात्र स्वयंभू नाहीं. १२३४५६७८९८७६५४२४० ह्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. ती तींत मिळविली कीं शेवटचे २४० हे ३२१ होतात आणि आपली संख्या जन्मास येते. शोध पुरा केला असतां हा तिचा एकुलता जनक ठरतो.

तिसऱ्या जातीला पुढें कापरेकरांचेंच नांव मिळालें. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे करून २० आणि २५ मिळविले कीं पुन्हां ४५. तसेंच २९७ चा वर्ग ८८२०९. ८८ आणि २०९ मिळून २९७. अशा संख्येला ‘कापरेकर संख्या’ म्हणतात. आपल्या संख्येचें वर्गमूळ, म्हणजे नऊ एक, ह्या कसोटीस उतरतें काय? वर्गाचे तुकडे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१, बेरीज ९९९९९९९९९. नऊ एकांऐवजीं नऊ नव आले, म्हणजे नापास. पण हें नापास होणेंहि मजेचें आहे, कारण जी बेरीज आली ती ९९९९९९९९९ ही मात्र स्वतः कापरेकर संख्या आहे. तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१. तुकडे मिळवून पाहावे.

कापरेकरांचें नांव सर्वांत जास्त ज्या संख्येनें गाजविलें ती ६१७४ पुष्कळांस ठाऊक असेल. चारहि अंक सारखेच नसतील अशी कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानें मांडून मोठींतून लहान वजा करावी, आणि आलेल्या उत्तराचें पुन्हां तेंच करावें. सात पायऱ्यांच्या आंत ६१७४ येतेच आणि मग हलत नाहीं. कड्याचें उदाहरण घ्यावयाचें तर अहमदनगर–आष्टी लोहमार्गावर २०२२ मध्यें गाडी सुरू झाली आणि कडा हें स्थानक झालें. २०२२ पासून निघालें कीं १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४, अशीं चारच स्थानकें लागतात. हा शोध कापरेकरांनीं १९४९ मध्यें मद्रासच्या गणितपरिषदेंत मांडला.

आतां वादाकडे वळलें पाहिजे. केंब्रिजचे प्रा. हार्डी, ज्यांनीं रामानुजनांस जगापुढें आणलें, त्यांनीं १९४० मध्यें आपल्या व्यवसायाचें समर्थन करणारें एक छोटें पुस्तक लिहिलें. त्यांत त्यांनीं असल्या आंकड्यांच्या गमतींचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केला आहे. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. चार अंकी संख्यांत आपल्या उलट्या रूपाची पट असणाऱ्या ह्या दोनच. हें खरें असलें तरी तें कोड्यांच्या रकान्यापुरतें आहे, खऱ्या गणित्याला त्यांत कांहीं रस वाटावयाचा नाहीं, असा त्यांचा अभिप्राय. आपल्याकडील कित्येक गणितज्ञांचेंहि मत असेंच होतें. कापरेकरांच्या संख्यांना ते हंसत. मोठीं नियतकालिकें त्यांचे लेख क्वचितच घेत, म्हणून पुष्कळसें लेखन त्यांनीं देवळालीहून पदरच्या खर्चानें लहान लहान पुस्तिकांच्या रूपानें छापिलें. परिषदांनाहि ते स्वखर्चानेंच जात. निवृत्त झाल्यावर निवृत्तिवेतन पुरेना, तेव्हां शिकवण्या करून त्यांनीं दिवस काढले. १९६६ मध्यें पत्नीहि गेली.

हार्डींचा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. त्यांत मर्म आहे. आपली संख्या विषम आहे, वर्ग आहे, तिचे भाजक ४५ आहेत, हीं तिच्या अंगचीं लक्षणें होत. ती दशमान पद्धतींत लिहा, रोमन आंकड्यांत लिहा, कीं खडे मोजून दाखवा, हीं लक्षणें सुटत नाहींत. उलट ती दोन्हीकडून सारखी वाचतां येते, ती हर्षद आहे, तिला अमुक जनक आहे, हीं लक्षणें अंगचीं नसून पोशाखाचीं आहेत. माणसाला दहा बोटें आहेत म्हणून आपण दहाच्या पायावर मोजतों. आठ बोटें असतीं तर हाच पोशाख दुसऱ्या संख्येच्या अंगावर गेला असता. पोशाखावरून माणसाचें कुळ ठरवूं नये, हें म्हणणें योग्यच आहे.

तरीहि वाद येथें मिटत नाहीं. आठाच्या पायावर मोजणाऱ्यांनीं सात एकांचा वर्ग केला तर त्यांसहि १२३४५६७६५४३२१ असाच जिना मिळेल. बाराच्या पायावर मोजणाऱ्यांस अकरा एकांपर्यंत चढतां येईल. संख्या बदलली, पण नियम तोच राहिला: हातचा येईपर्यंत जिना चढतो, आणि पाया जितका, त्याच्या एक पायरी अलीकडे तो संपतो. म्हणजे पोशाखांतहि एक शिवण अशी आहे जी कोणत्याहि शिंप्याला चुकवितां येत नाहीं. भास्कराचार्यांचा अंकपाश हा तर सगळा पोशाखाचाच हिशेब, आणि तो ‘लीलावतीं’त सन्मानानें बसला आहे. शिवाय ज्या मुलाला भाजक, वर्ग, बाकी ह्यांची गोडी एरवीं लागली नसती, त्याला ती हर्षद संख्यांनीं लावली तर शाळामास्तराच्या दृष्टीनें तें काम हार्डींच्या कामाहून कमी प्रतीचें नाहीं. हार्डींना विद्यार्थी मिळाले ते रामानुजनांसारखे. देवळालीच्या मास्तरापुढें बसत ते चार घरचीं सामान्य मुलें. दोघांच्या आवडींत जो फरक पडला त्याचें कांहीं कारण येथेंहि असावें.

कापरेकरांची कदर झाली ती परदेशाच्या वाटेनें. मार्टिन गार्डनर ह्यांनीं मार्च १९७५ मध्यें ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांतील आपल्या सदरांत त्यांच्याविषयीं लिहिलें, आणि देवळालीचें नांव जगभर गेलें. गंमत अशी कीं तोंवर त्यांच्या संख्यांना दुसरीं नांवेंहि चिकटूं लागलीं होतीं. स्वयंभू संख्यांचा प्रश्न दक्षिण अमेरिकेंतील कोलंबिया देशाच्या एका गणित्यानें स्वतंत्रपणें मांडला, म्हणून त्यांस कोणी ‘कोलंबियन संख्या’ म्हणतात. हर्षद संख्यांना अमेरिकेंत १९७७ मधील एका व्याख्यानावरून ‘निव्हेन संख्या’ म्हणूं लागले. सुदैवानें मूळ नांवेंहि टिकलीं. इंग्रजी गणितकोशांत आजहि ‘हर्षद’ हा आपला शब्द जसाचा तसा छापलेला आढळतो, आणि स्वयंभू संख्यांना ‘देवळाली संख्या’ असेंहि नांव दिलेलें सांपडतें.

आणि नुसत्या एकांच्या ज्या ओळींतून ही कथा निघाली ती ओळ पोशाखी म्हणून कोणीं सोडून दिलेली नाहीं. अशी ओळ मूळ संख्या केव्हां असते, हा प्रश्न मोठमोठ्या गणित्यांस पुरून उरला आहे. नऊ एकांची ओळ मूळ नाहीं, कारण नऊ म्हणजे तीन त्रिक. तीन एकांच्या १११ नें तिला भाग जातो आणि १००१००१ येतात. ज्या ओळींत एकांची मोजणीच विभाज्य आहे तिची गत नेहमीं हीच. पण मोजणी मूळ असली म्हणून ओळ मूळ असतेच असें नाहीं. तीन एकांस ३७ नें भाग जातो, सात एकांस २३९ नें. दोन एकांची ११ ही मूळ आहे. त्यानंतर थेट एकोणीस एकांची, मग तेवीस एकांची, मग ३१७ एकांची, आणि मग १०३१ एकांची. ही शेवटची मूळ असल्याचें विल्यम्स आणि डब्नर ह्यांनीं १९८६ मध्यें सिद्ध केलें. कापरेकर देवळालीस वारले तें त्याच वर्षीं. ४९०८१ एकांची ओळ मूळ असल्याचा पुरावा २०२२ मध्यें पुरा झाला. अशा ओळी अनंत आहेत, कीं कोठें तरी जाऊन संपतात, हें अद्याप कोणालाहि ठरवितां आलेलें नाहीं.